आप्पांचं बसणं

माघ लागला की भिंती रंगवायचे दिवस येतात. हे कुठल्या पंचांगात लिहिलेलं नाही, पण आम्हा भिंतवाल्यांचं पंचांग निराळं असतं. पावसाळ्याची ओल भिंतीतून पुरती गेलेली असते आणि चैत्राचं ऊन अजून लांब असतं. रंग घाईनं वाळत नाही आणि फार रेंगाळतही नाही. रानात कांद्याची पात माना टाकायला लागते, ज्वारीची कणसं भरतात, आणि रस्त्याकडेच्या कुठल्या तरी भिंतीवर कुणीतरी कुंच्यानं पांढरा हात मारत असतं. ओल्या डिस्टेंपरचा तो खडूसारखा, किंचित आंबूस वास आला की बाकीच्यांना दिवाळी आठवते. मला घाम फुटतो.

परवा कारेगावात असंच झालं. मी तिथल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. शाळेच्या वाटेवर एक लांबलचक भिंत आहे, कारखान्यांच्या बसगाड्या तिच्यासमोरूनच वळतात. गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी तिचा खालचा भाग कायमचा तांबडा झालेला. ती भिंत सजवायचं यंदा ठरलं आहे. पुण्याहून शिकून आलेली काही मुलं आणि आमच्या शाळेतल्या मोठ्या मुली मिळून सराव करतायत. विषय काय, तर आपली माती, आपली माणसं. त्यात झेंडूचं शेत आहे, बैलपोळा आहे आणि भिंतीच्या टोकाला एक मेंढपाळ आहे. ऋतुजा नावाच्या मुलीनं मला मोबाइलवर फोटो दाखवला. फोटोतला मेंढपाळ कमरेवर हात ठेवून उभा होता, दात दाखवून हसत होता, आणि खांद्यावरच्या घोंगड्याला इस्त्री केल्यासारखं वाटत होतं.

"मॅडम, हा चालेल ना?"

"मेंढरं चरायला सोडून दिवसभर असा उभा राहिला तर पाय मोडतील त्याचे," मी म्हटलं. "मेंढपाळ बसतो."

"कसा बसतो?"

साधाच प्रश्न होता. माझ्याइतकं त्याचं उत्तर त्या रस्त्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. पण "उद्या सांगते," म्हणून मी वर्गावर निघून गेले.

आप्पा म्हणजे माझे वडील. ते कसे बसायचे ते सांगते. दोन्ही तळवे जमिनीला पुरते टेकलेले, गुडघे छातीशी, काठी समोर रोवलेली, काठीच्या टोकावर हातावर हात आणि त्या हातांवर हनुवटी. डोक्यावरून घोंगड्याची खोळ. डावा खांदा जरा पडलेला, कारण आयुष्यभर त्या खांद्यावर कोकरं वाहिलेली. असे ते तासन् तास बसत. मी लहान असताना वाटायचं, आप्पा बसल्या बसल्या झोपतात. पण एखादं मेंढरू कुणाच्या उभ्या पिकाकडं वळलं की त्या खोळीतून अशी शीळ निघायची की मेंढराआधी मीच जागच्या जागी उभी राहायचे. पुढे आम्ही निमोण्याच्या अलीकडच्या आमच्या गावात कायमचे राहिलो, दरसाल मेंढरं घेऊन कोकणात जाणं सुटलं, थोडकीच मेंढरं उरली. आप्पांनी कांदा केला, घरावर पत्रा टाकला. बसणं मात्र तेच राहिलं. पारावर, लग्नाच्या मांडवात, अगदी तालुक्याच्या कचेरीसमोरसुद्धा आप्पा तसेच बसायचे आणि समोर कागद हातात घेऊन धावपळ करणाऱ्या माणसांवर मेंढरांसारखी नजर ठेवायचे.

मला चित्रं काढायचा नाद होता. गावात लग्न असलं की दाराशेजारचे गणपती, मोर, कलश माझ्याकडंच यायचे. नवं शतक नुकतंच लागलं होतं, गावोगाव स्वच्छतेचं वारं शिरलं होतं, आणि भिंतीवर चित्रं काढणाऱ्यांचं एक शिबिर दौंडला भरणार असल्याची बातमी आली. भावकीत चर्चा झाली. पोरगी परगावी जाऊन भिंती रंगवणार, हे काय बरं दिसतं का? आप्पा उकिडवेच बसले होते. खोळीतूनच म्हणाले, "मेंढरामागं हिंडली तवा कुनी इच्यारलं न्हाई. आता भितीमागं हिंडंल. जाऊं द्या." विषय संपला. आमच्या घरात आप्पांची वाक्यं अशीच असायची, दाराला कडी घातल्यासारखी.

दौंडला मी मावशीकडं राहिले. शिबिर एका शाळेच्या रिकाम्या हॉलमध्ये होतं आणि शिकवायला भालेकर सर होते. रेल्वेच्या डब्यांवर अक्षरं रंगवण्यात त्यांची नोकरी सरली होती. त्यामुळे अक्षर डुगडुगलं की ते म्हणायचे, "गाडी घसरली." शिकणारे आम्ही सगळे रंगीबेरंगीच होतो. कोरेगाव भीमाची सुनंदा रांगोळीवाली, एका दमात हातभर वर्तुळ काढायची आणि ते कुठंही चेपलेलं नसायचं. दौंडचा रफिक ट्रकच्या फळ्या रंगवायचा. वाघ, गरुड, डोळे मिटलेली बाई, काय वाटेल ते. हात असा की बघत राहावं. तो सगळ्यांना ताई आणि भाऊ म्हणायचा आणि स्वतःचं काम दाखवताना लाजायचा.

सकाळी सर आम्हाला स्टेशनवर न्यायचे. दौंडचं स्टेशन म्हणजे वाट बघणाऱ्यांचं गाव. गाड्या बदलणारी माणसं गाठोड्यांवर, ट्रंकांवर, फलाटाच्या कडेला बसलेली असायची. कुणी पाय सोडून, कुणी मांडी घालून, कुणी लेकराला कुशीत घेऊन एका अंगावर. सर म्हणायचे, "तोंडाच्या नादी लागू नका. तोंड सगळ्यात शेवटी. आधी बसणं पकडा. बसण्यात माणूस अख्खा येतो." मग आमच्या कागदावरच्या चेहऱ्यावर ते आपला अंगठा दाबून धरायचे आणि विचारायचे, "सांगा, यातला कोणता?" फलाटाकडं बघून बाकीच्यांनी तो माणूस ओळखला तरच चित्र पास. अंगठ्याची ही परीक्षा मी पहिल्यांदा पास झाले तेव्हा आनंदानं सुनंदाचा हात इतक्या जोरात दाबला की तिच्या बांगड्या पिचल्या.

तो अंगठा मला पुढं आयुष्यभर दिसत राहिला.

शिबिर संपताना सगळ्यांनी मिळून काही गावं रंगवायची होती आणि त्यात आमचंही गाव होतं. रंगाचे डबे, पत्र्याच्या डब्या, शिडी, सुतळ्या घेऊन टेम्पो गावात शिरला तेव्हा माझी मान अशी ताठ होती की जसं काही मीच सगळ्यांना पगारावर ठेवलंय. पहिल्या दिवशी भिंतीला पांढरा हात देऊन झाला. तो वाळेपर्यंत सरांनी विचारलं, कुणी समोर बसेल का? मी पळत जाऊन आप्पांना घेऊन आले.

आप्पा बांधावर बसले. माघातलं ऊन, मागं कांद्याचा वाफा. आम्ही सगळे गोल करून बसलो. "हालायचं न्हाई व्हय?" त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "नाही बाबा, जरा वेळ." आप्पा म्हणाले, "जरा येळ कशाला, मेंढरं घरला जायाच्या येळंपत्तुर बसतो." आणि खरंच बसले. रफिकनं चेहरा काढलाच नाही, खोळीत नुसती सावली ठेवली. सरांनी ते चित्र हातात घेतलं आणि अंगठा पुढं केला. अंगठा ठेवायला त्यात तोंडच नव्हतं. आप्पांनी ते चित्र उलटसुलट बघितलं, मग डावा खांदा बोटानं दाखवून म्हणाले, "ह्यो मीच हाय." संध्याकाळी वाटेत भेटेल त्याला त्यांनी सांगितलं, की पोरं शिकत्यात आन् त्यांना शिकवाया मला बसवलं हुतं.

आता पुढचं.

एसटी थांब्यासमोरच्या भिंतीवर काय काढायचं हे गावातल्या जाणत्या मंडळींनी आधीच ठरवलं होतं. उघड्यावर बसणाऱ्याचं चित्र. "आसं काडा," त्यांच्यातले एक मोठे बागायतदार म्हणाले, "का बघनाऱ्याची मान खाली गेली पायजे." आम्हाला ते अजिबात वावगं वाटलं नाही. लाज ही चुन्यासारखी भिंतीला फासता येते आणि गावाला पुरते, असंच तेव्हा सगळे समजत होते. मी तर त्या भिंतीच्या एका अंगाला 'लाज बाळगा, उघड्यावर जाऊ नका' अशी अक्षरं मन लावून रंगवत होते. त्याच दिवशी पहाटे मी स्वतः आईबरोबर बाभळीच्या आड जाऊन आले होते. आमच्याकडं संडास नव्हता. अर्ध्या गावाकडं नव्हता. पण हातात ब्रश असला की माणसाला वाटतं, ही अक्षरं दुसऱ्यांसाठी आहेत.

सुतळीनं आखलेली ओळ संपवून मी भिंतीच्या दुसऱ्या टोकाला आले, तेव्हा रफिकनं चौकटी पाडून कागदावरची रेघ भिंतीवर उतरवली होती. भिंतीवर आप्पा बसले होते. तोच पडलेला खांदा, तेच टेकलेले तळवे, तीच खोळ. काठी तेवढी नव्हती. काठीच्या जागी टमरेल होतं.

"रफिकभाऊ," मी म्हटलं, "हे आप्पा आहेत."

रफिकनं आधी माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं. "तौबा," तो म्हणाला. "ताई, खरंच ध्यानात नाही आलं. मला उकिडवा बसलेला माणूस पाहिजे होता. कागद चाळले तर असा बसलेला हाच एक. असं कोण बसतं आपल्यासमोर?" त्याचे डोळे भरले. त्याला रागवायचं मला सुचलंच नाही. त्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. रेघ चांगली होती म्हणून त्यानं रेघ घेतली. माणूस कागदावर आला की आम्हाला तो आमचा वाटायला लागतो, एवढंच.

सर आले, सुनंदा आली. दुसऱ्या दिवशी भिंती बघायला पाहुणे येणार होते. सरांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "चेहरा टाका. वेगळाच चेहरा टाका. घोंगड्याची चादर करा. कोण ओळखतंय?" सुनंदा म्हणाली, "मंगल, तूच कर. काय बदलायचं ते तुला ठाऊक." माझ्या हातात ब्रश आला. मी खोळ पुसून टाकली, घोंगड्याची निळी चादर केली. गोल गाल, जाड मिशा, टक्कल, मिचमिचे डोळे असा एक भलताच इसम मी त्या धडावर बसवला. मागं सरून बघितलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मी आप्पांना वाचवलं होतं.

बालदीभर पांढरा रंग शिडीखालीच ठेवलेला होता. कुंच्याचा एक हात मारला असता तर सगळं मिटलं असतं. हे सरांना सुचलं नाही, रफिकला सुचलं नाही, मला सुचलं नाही. म्हणजे खरं सांगायचं तर सुचू दिलं नाही. चित्र फार छान उतरलं होतं. इतकं जिवंत बसणं आमच्यापैकी कुणाच्या हातून आधी भिंतीवर आलं नव्हतं, आणि त्याच्यावर पांढरा हात मारायची कुणाचीच छाती झाली नाही. चित्रकार झाल्याची पहिली खूण म्हणून मला जे आठवतं ते हे असं आहे.

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. आप्पांनी धुतलेला फेटा बांधला होता. पोरीला नारळ मिळणार होता ना. पाहुणे बोलले, बागायतदार बोलले, आम्हा सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि हातात नारळ दिले. तेवढ्यात समोरच्या चढावरून बिरामामा येताना दिसले. बिरामामा आप्पांचे जुने सोबती, कोकणच्या वाटेवर दोघांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकटचा मुक्काम, कायम शेजारी पडायचा. ते आपली मेंढरं घेऊन निघाले होते. अजून बरेच लांब होते. तिथून ना त्यांना भिंतीवरच्या मिशा दिसत होत्या ना टक्कल. चढावरूनच त्यांनी हात उंच केला आणि हाळी दिली, "आरं आप्पा! पोरीनं तुजं चित्र काडलं की रं! लै झ्याक काडलंय!"

किती आनंद होता त्या आवाजात. एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावरचा गडी नुसत्या बसण्यावरून ओळखणारी ही माणसं. मेंढरू तोंडावरून ओळखत नाहीत ती, चालीवरून ओळखतात. चेहरा बदलला की माणूस बदलतो, ही शिकलेल्या हाताची समजूत. आणि आम्हाला तर दौंडच्या फलाटावर अंगठा दाबून दाबून नेमकं उलटंच शिकवलं होतं. मी आप्पांच्या तोंडावर भलता अंगठा ठेवला, आणि आप्पा पास झाले.

सगळ्या गावानं भिंतीकडं बघितलं, मग आप्पांकडं. आधी एक पोरगं फिसकन हसलं. मग बायकांच्या घोळक्यात पदर तोंडाला गेले. मग हसू असं पसरलं की पाहुण्यांनाही विचारावं लागलं, काय झालं. कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं आणि तेही हसले. बिरामामा एव्हाना खाली पोचले होते. त्यांनी जवळून टमरेल बघितलं, अक्षरं कुणीतरी वाचून दाखवली. "आसं व्हय," एवढंच ते म्हणाले आणि मेंढरं हाकत निघून गेले.

मी नारळाकडं बघत होते. नारळाच्या शेंड्या मला अजून आठवतात. लाज तीन तऱ्हेनं आली. आधी आप्पांसाठी आली, ती चांगली होती. मग आप्पांची आली. धुतलेला फेटा बांधून गर्दीत उभा असलेला तो माणूस माझा बाप नसता तर बरं झालं असतं, असं निमिषभर वाटलं. आणि तसं वाटल्याची लाज त्याच्या पाठोपाठ आली. ती अजून गेलेली नाही. पहिल्या दोन्ही कधीच वाळल्या, तिसरी ओलीच आहे.

आप्पा रागावले नाहीत. घरी येऊन त्यांनी माझा नारळ देवापुढं ठेवला, फेटा सोडून खुंटीला अडकवला आणि बाजेच्या काठावर बसले. बाजेवर, पाय खाली सोडून. आई भाकरी थापायची थांबली आणि त्यांच्याकडं बघत राहिली. त्या दिवसापासून आप्पा चारचौघांत उकिडवे बसले नाहीत. पारावर गेले तर उभे राहायचे. लग्नात खुर्ची मागून घ्यायचे आणि तिच्यात परक्याच्या घरी बसल्यासारखे अवघडून बसायचे. पोरंटोरं काही दिवस 'आप्पा बसलं, आप्पा बसलं' करत मागं लागली, मग तीही विसरली. मेंढरांमागं लांब रानात ते कसे बसत होते कोण जाणे. तिकडं बघायला जायचा धीर मला झाला नाही.

गाव स्वच्छ झालं, आमच्या घरीही संडास झाला. तो काही त्या चित्रामुळं झाला नाही. सगळ्यांकडं झाले तसा आमच्याकडंही झाला. पुढं माझं लग्न ठरलं, शाळेत नोकरी लागली. एकदा माहेरी गेले तर एसटी थांब्यासमोरची भिंत पाडून तिथं दुकानाचे गाळे निघाले होते. मी मोठी खुशखबर घेऊन आल्यासारखं आप्पांना म्हटलं, "आप्पा, ती भिंत पाडली."

आप्पा खुर्चीत बसले होते. दृष्टी अधू झाली होती. त्यांनी चाचपून काठी हातात घेतली. मग म्हणाले, "तोंड कुनाचं लावलं हुतंस गं त्याला?"

इतक्या वर्षांत त्या चित्राचं नाव त्यांनी पहिल्यांदा काढलं होतं.

"कुणाचंच नाही, आप्पा. मनानंच काढलं होतं."

"बसनं माजं. पाठ माजी, पाय माजं. तोंड तेवडं परक्याचं." त्यांनी हातातली काठी खुर्चीला टेकवली. "माजंच ठिवायचं हुतं की. बापाचं तोंड झाकावं आसं काय केलं हुतं म्या?"

तुमच्यासाठीच बदललं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. ते तसं होतंही. पण सगळं तसं नव्हतं. 'मंगलचा बाप' असं कुणी म्हणू नये, म्हणून त्या मिशा इतक्या जाड झाल्या होत्या, हे मला माहीत होतं आणि आप्पांनाही माहीत होतं. मी उठून चहा टाकायला गेले.

आप्पांचा फोटो माझ्या घरात आहे. आधारसाठी काढलेला, तोच मोठा करून घेतला. चेहरा स्पष्ट आहे, कपाळावरच्या आठ्यासुद्धा मोजून घ्याव्यात. ते गेल्यापासून मी त्यावरून त्यांचं चित्र कितीदा काढलं. नाक जमतं, डोळे जमतात, आणि मानेखाली आले की हात थांबतो. रफिकचा तो कागद कुठं गेला, कुणास ठाऊक. तोंड आहे माझ्याकडं. बसणंच नाही.

काल सकाळी कारेगावच्या भिंतीपाशी गेले. मुलींनी आखणी करून ठेवली होती, मेंढरं काढून झाली होती, मेंढपाळाची जागा मोकळी होती. ऋतुजानं विचारलं, "मॅडम, सांगताय ना, कसा बसतो?"

मी पर्स तिच्याकडं दिली. रंगकामाच्या बांबूंतला एक बांबू उचलला, साडी आवरली आणि रस्त्याकडेला धुळीत उकिडवी बसले. दोन्ही तळवे टेकवले, बांबू रोवला, हातावर हात, हातांवर हनुवटी. डावा खांदा पाडला. गुडघे बोलत होते. पहिल्या पाळीच्या बसगाड्या वळत होत्या, खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती, एकानं शिट्टीही मारली. उठून साडी झटकावी असं फार वाटलं.

मुली भराभर रेघा ओढत होत्या. मग ऋतुजानं कागद लांब धरून बघितला.

"बसणं आलं, मॅडम. चेहरा दुसरा कुणाचा घेऊ, की तुमचाच ठेवू?"

"माझाच ठेव," मी म्हटलं, आणि समोरून आणखी एक बस वळली तरी मान खाली घातली नाही.